शब्द तुमचे, चाल काकूंची

कारेगावात खोली भाड्यानं घ्यायला मी गेले तेव्हा घरमालकीण काकूंनी माझं आधार कार्ड मागितलं नाही, आडनाव विचारलं नाही, खोलीवर मटण-मासे शिजवणार का हेही विचारलं नाही. त्या पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “टाळी वाजव. मी थांब म्हणीन तवर.”

खांद्यावर बॅग, पायाशी गादीची वळकटी, गल्लीतून फर्स्ट शिफ्ट सुटलेली माणसं चाललेली, आणि मी टाळ्या वाजवत उभी. चांगलं मिनिटभर वाजवल्या.

“थांब. जरा पळतीस, पण सुधरशील. जिन्याजवळची खोली घे.”

ही त्यांची भाडेकरू निवडायची परीक्षा होती. ज्याला टाळी धरता येत नाही त्याला आपली पाळी कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. “असलं माणूस पाण्याची मोटर चालू ठिवून झोपतंय,” म्हणायच्या. एक इंजिनियर तीनदा येऊन तीनदा नापास झाला आणि शेवटी शेजारच्या चाळीत राहायला गेला. शेजारची टाकी रोज ओसंडायची. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बोटानं दाखवायच्या. “बघा. केरव्याच्या ठेक्यात कच्चा होता तो.”

पंचावन्न-छप्पनचं वय, बुटका बांधा, पाचवारी साडी आणि पायात कंपनीतल्या कामगारांचे सेफ्टी बूट. मनगटावर आप्पांचं जुनं घड्याळ. आप्पा म्हणजे त्यांचे यजमान, गॅरेजमधून रिटायर झालेले मेकॅनिक. ते बायकोला ‘मालक’ म्हणायचे आणि तालमीला आलेल्या सगळ्यांना न विचारता चहा करायचे. बूट का, असं मी एकदा विचारलं. “टेम्पोच्या फाळक्यावर उभं राहून वाजवायचं असतंय. चपलेचा अंगठा तुटला तर काय नवरदेवाच्या घोड्यावर पडू?”

काकूंची बायकांची बँजो पार्टी होती. म्हणजे त्या स्वतः बँजोवर, शबाना ढोलकीवर, सुनीता ताशावर, दोघीजणी खुळखुळ्यावर आणि झांजेवर, आणि मी आल्यावर कीबोर्डवर मी. मी कंपनीत क्वालिटी तपासायचे, नट-बोल्टचे आटे मोजायचे. शाळेत असताना प्रार्थनेला पेटी वाजवायचे, एवढंच. पण काकूंनी ते माझ्या बोटांवरून ओळखलं. “डाळ निवडताना तुझी बोटं पट्टीत हिंडतात,” म्हणाल्या आणि संध्याकाळी कीबोर्ड माझ्या खोलीत आणून ठेवला. नको म्हणायची सोय नव्हती.

त्यांचे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. घरी तालमी चालायच्या. “भावांना शिकवणी आन् मला भांडी,” त्या सांगायच्या. “मग भांड्यांवरच शिकले. भाऊ दोघंबी बेसूर निघाले. एक सोसायटीत चिकटला, एक राजकारणात गेला.” त्यांना सगळ्या जगाचा सूर कळायचा. कुकरची शिट्टी झाली की आतून आवाज यायचा, “काळी चार.” कंपनीचा भोंगा पांढरी पाच होता, “पण सर्दी झाल्यागत.” गल्लीत कुणी हॉर्न दाबून धरला की या गॅलरीत येऊन ओरडायच्या, “आरं, तो सूर सोड आता, दुसरा घे!” भाड्यानं राहणारी बिहारची पोरं त्यांना ‘उस्ताद आंटी’ म्हणायची आणि हॉर्न न वाजवता गाडी ढकलत घरी यायची.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग वरवंडजवळच्या एका गावात हळदीची सुपारी आली.

मांडव भरलेला, नवरी पिवळीजर्द, तिची आजी खुर्चीत बसून डोलतेय, आमचं वाजवणं रंगात आलेलं. तेवढ्यात नवरदेवाकडच्या पोरांनी एका गाण्याची फर्माईश केली. ज्या गाण्यात पोरीला एकदा माल म्हणतात, एकदा बाटली म्हणतात आणि शेवटी उचलून न्यायची भाषा करतात, त्यातलं एक. काकूंनी बँजो थांबवला. माईक ओढला.

“माल आमच्या कारेगावात कंपनीत बनतो,” त्या म्हणाल्या. “त्याला तपासणी असती, गेटपास असतो. ही आमची तपासणीवाली बाई हितंच बसलीय, इचारा तिला. नवरी माल न्हाई. दुसरं गाणं सांगा.”

सगळा मांडव माझ्याकडं वळला. मी कीबोर्डमागं जितकं लपता येईल तितकं लपले. कीबोर्ड केवढासा असतो!

एक पोरगा पुढं आला. “काकू, तुम्ही वाजवायला आलाय. बोलायला न्हाई.”

“वाजवती म्हणूनच बोलती. आन् माईक माझा हाय, बाळा.”

नवरीची आजी एवढ्या जोरात हसली की तिची कवळी सुटली. आम्ही दुसरं गाणं वाजवलं, लोक नाचले, विषय संपला असं आम्हाला वाटलं. पण कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. दोन दिवसांत तो शिरूर-दौंडच्या प्रत्येक फोनमध्ये होता, आणि खाली कॉमेंटींचा पाऊस.

म्हातारचळ. नातवंडं सांभाळा. नवऱ्यानं ढिली सोडलेली दिसतेय. वाजवणाऱ्या बाया आता शहाणपण शिकवणार का. हे त्यातलं बरं बरं. बाकीचं मी इथं लिहीत नाही. शबानाला तिच्या धर्मावरून जे आलं ते तर मी काकूंनाही दाखवलं नाही, पण शबानानंच दाखवलं. कुणीतरी काकूंचा नंबर टाकून दिला, मग फोन सुरू झाले. अनोळखी पुरुष, काही नुसते श्वास घेणारे. पहिल्या दिवशी काकूंनी प्रत्येकाला सांगितलं, “फोन केलाच हाय तर ‘सा’ लावा. लागतोय का बघू.” एकानं म्हणे खरंच लावला. “पोरगा बरा हाय,” काकू म्हणाल्या, “संगत वाईट हाय.”

तिसऱ्या दिवशी मात्र त्या पायरीवर फोन बंद करून बसल्या होत्या. एकामागून एक तीन लग्नांच्या सुपाऱ्या रद्द झाल्या होत्या. सुनीताच्या सासूनं ताशा माळ्यावर टाकला होता. झांजवाल्या बाईनं निरोपही दिला नाही. मी शेजारी जाऊन बसले. त्या घरात एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. आतल्या खोल्यांतली पोरंसुद्धा बादल्या हळू ठेवत होती.

“एक कॉमेंट लई लागली गं,” शेवटी म्हणाल्या.

मला वाटलं, त्या घाणेरड्यांपैकी एखादी. त्यांनी फोन चालू करून दाखवली. कुण्या अनोळखी बाईनं लिहिलं होतं: ‘बोलल्या ते ठीक. पण त्याआधी एक मिनिट बारा सेकंदाला ठेका घसरलाय.’

“मी तीस-चाळीस वेळा बघितलं,” काकू म्हणाल्या. “खरंच घसरलाय. सगळ्या जगानं ऐकलं.”

मी त्यांच्याकडं बघत राहिले. आणि मग मला असं हसू फुटलं की आवरेना. त्या आधी रागावल्या, मग त्याही हसायला लागल्या, आप्पा चहा घेऊन आले तर आम्ही दोघी पायरीवर लोळत होतो.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष दोन माणसं घेऊन आले ते त्याच आठवड्यात. शेजारच्या गावची यात्रा, दरवर्षी वाजवायला काकू. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. काकू आत होत्या, म्हणून ते आप्पांशीच बोलायला लागले.

“आप्पा, वातावरण तापलंय. पोरं म्हणत्यात, ह्या बाईला बोलावलं तर स्टेज चालू देणार न्हाई. तुम्ही जरा बाईला आवरा.”

आप्पांनी कप खाली ठेवला. विचार करून म्हणाले, “अध्यक्ष, आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या. ट्रॅक्टर म्हणू नका, टँकर म्हणू नका. पण ह्या गाडीला ब्रेक कुठं बसवलाय ते मला पस्तीस वर्षांत सापडलं न्हाई. तुम्हाला सापडला तर सांगा.”

मग काकू बाहेर आल्या. अध्यक्षांनी तोडगा सांगितला: माफीचा एक व्हिडिओ टाकायचा. चार ओळी. म्हणजे पोरं गप बसतील, यात्राही होईल, जुन्या सुपाऱ्याही परत येतील.

“टाकती की,” काकू म्हणाल्या.

शबाना उठून निघालीच. पण सुपाऱ्या नाहीत तर पार्टी नाही, हे मलाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी काकूंनी इस्त्रीची साडी नेसली, डोक्यावर पदर घेतला, आप्पांना फोन धरायला लावला आणि हात जोडून सुरुवात केली.

“नमस्कार. त्या हळदीच्या कार्यक्रमात माझ्या हातून मोठी चूक झाली. लोकांची मनं दुखावली असतील. व्हिडिओच्या एक मिनिट बाराव्या सेकंदाला आमचा ठेका घसरला. पार्टी माझी, जबाबदारी माझी. मी सगळ्या महाराष्ट्राची माफी मागती. तालीम चालू हाय. बाकी मी जे बोलले ते तालात होतं.”

आप्पांचा हात हसून इतका हलला की तो व्हिडिओ भूकंपात काढल्यासारखा दिसतो. तसाच टाकला.

यात्रेची सुपारी गेली. त्या वर्षी गेली आणि पुढच्या वर्षीही बोलावणं आलं नाही, हे खोटं कशाला सांगू. कॉमेंटी दुप्पट झाल्या. पण आता काकूंनी एक नवाच उद्योग काढला. संध्याकाळी अंगणात चटई टाकायच्या, चष्मा लावायच्या आणि कॉमेंटी मोठ्यानं वाचायच्या. मांडीवर बोटांनी ठेका धरून.

“ही केरव्यात बसती. ही दादऱ्यात. ह्याला काय वजनच न्हाई, नुसता ओरडतोय. ही बघ, ही किती गोड हाय, आपोआप यमक जुळलंय.”

बसल्या बसल्या चाली लागायला लागल्या. भाडेकरू पोरं कोरसला. ‘नातवंडं सांभाळा’ला त्यांनी अंगाईची चाल लावली होती. कुणी शुद्धलेखन सुधारायला गेलं की चिडायच्या. “जसं लिवलंय तसंच म्हणायचं. कवीच्या शब्दाला हात लावायचा न्हाई.” आणि गाण्याआधी कवीचं नाव घ्यायचंच, हा नियम. “शब्द, श्रीयुत वाघ नंबर वन. चाल, माझी.” एकदा मी म्हटलं, काकू, नाव कशाला घेता, चिडतील. तर मलाच झापलं. “दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर खपवू? मी चोर हाय का?”

अशात एका मुलीचा फोन आला. दौंडला एका लॅबमध्ये रक्त तपासायची, घर वरवंडच्या पुढं. साखरपुडा होता. तिला आमचीच पार्टी पाहिजे होती, आणि कॉमेंटींची गाणी पाहिजे होती. कॉमेंटी तिनं स्वतः निवडून पाठवल्या. “बाकीच्या तुम्हाला आवडतील त्या घ्या, पण तीन नंबरची नक्की म्हणा, काकू. चांगली ठसक्यात.” आम्हाला वाटलं, हौशी पोरगी आहे.

दुपारचा कार्यक्रम. मंगल कार्यालयात दोनशे माणसं, स्टेजवर मखर, थर्मोकोलमध्ये कापलेली नावं. अंगठ्या अजून डबीत होत्या. सुनीता सासूला मैत्रिणीकडं जाते सांगून आली होती, ताशा दुसऱ्याचा. झांजवालीही आपणहून परत आली होती. आम्ही सुरू केलं आणि दहा मिनिटांत कार्यालय खदखदा हसायला लागलं. बायका तर डोळे पुसत होत्या. अंगाईला एका म्हाताऱ्या मामांनी पगडीवाल्या पाहुण्याला मांडीवर घेतलं. मग काकूंनी चष्मा नीट केला.

“आता तिसरं. शब्द, श्रीयुत रुबाब किंग विकी. चाल, माझी.”

आणि ठसक्यात उचललं: ‘ढोलकीवाल्या बाया घरात टिकत न्हाईत, हातात लाटन द्या, ताल येईल जाग्यावर.’ लाटणं नव्हे, लाटन. जसं लिहिलं होतं तसं. ‘लाटन द्या’वर शबानानं असा तुकडा वाजवला की मागच्या रांगेतल्या बायका उठून नाचायलाच लागल्या.

पण पुढच्या चार-पाच रांगा हसत नव्हत्या. तिथली सगळी पोरं एकाच दिशेला बघत होती. स्टेजकडं. नवऱ्यामुलाकडं. त्याचे कान मिरचीसारखे लाल झाले होते.

काकूंनी त्यांच्या नजरा बघितल्या. मग थर्मोकोलवरचं ‘चि. विक्रम’ वाचलं. बँजोवरची बोटं थांबली. माईक चालूच होता.

“आरं देवा,” त्या म्हणाल्या. “आधी सांगितलं असतं तर चाल जरा बरी लावली असती.”

त्यावर जे हसू फुटलं ते मी पुन्हा कुठं ऐकलं नाही. नवऱ्याची आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. एकटा तो हसला नाही.

“मस्करीत लिहिलं होतं मी,” तो म्हणाला.

“मग हसा की,” मुलगी म्हणाली. “सगळे हसत्यात.”

ती खरंच वाट बघत होती. मी जवळच होते, मला तिचा चेहरा दिसत होता. त्यात राग नव्हता. रिपोर्ट यायची वाट बघावी तशी ती त्याच्याकडं बघत होती. तो एकदा हसला असता तर मला वाटतं अंगठी घालून घेतली असती तिनं.

तो तिच्या वडिलांकडं वळला. “मामा, ही नाटकं बंद करा. न्हाईतर आम्ही उठतो.”

वडील मान खाली घालून उभे होते.

“उठा,” मुलगी म्हणाली.

हळूच म्हणाली. पण आमचा माईक शेजारीच होता, त्यामुळं दोनशे माणसांना ऐकू गेलं.

ते उठले. गाड्या सुरू झाल्या, धूळ उडाली. मुलीची आई आतल्या खोलीत गेली आणि दार लागलं. मुलीकडची माणसं कुणाकडं बघावं न कळून भिंतीकडं बघत होती. काकूंनी बँजोवर कापड घातलं, आम्हाला खूण केली आणि मागच्या दारानं आम्ही सामान टेम्पोत टाकून निघालो. कुणाचा निरोप घेतला नाही.

चौफुला मागं पडला. मग शबानाच्या तोंडून नुसतं “लाटन” निघालं, आणि मागं आम्ही पाचीजणी फुटलो. ढोलकीवर डोकी टेकून हसलो. सुनीताला उचकी लागली. हसता हसता मला कळलं की पुढं ड्रायव्हरशेजारून काहीच आवाज येत नाहीये. मी मधल्या खिडकीतून डोकं घातलं. काकू समोरच्या उसाच्या ट्रॉलीकडं बघत होत्या.

“मी वाजवायला गेलते गं,” त्या म्हणाल्या. “मोडायला न्हाई. त्या बापाचं तोंड बघितलंस का?”

मागचं हसू एकेक करून थांबलं.

भीमेचा पूल दिसायला लागला तेव्हा त्यांचा फोन वाजला. नंबर बघितला आणि त्यांनी तो माझ्या हातात दिला. “त्याच पोरीचा बाप हाय. तू बोल.” एवढ्या दिवसांत साऱ्या मुलखाला उत्तरं देणारी ही बाई खिडकीबाहेर बघायला लागली. मी फोन स्पीकरवर टाकला.

“बाई हायेत का?” पलीकडून बसका आवाज आला. “त्यांना म्हणावं, जेवला का तुम्ही?”

आम्ही एकमेकींकडं बघितलं.

“आचारी म्हणतोय, वाजवणाऱ्या बाया न जेवता गेल्या. आमच्या दारातून वाजवणारं माणूस उपाशी गेलं, असं कधी झालं न्हाई. कुठवर पोचलाय? मागं फिरा. पोरगी ताटावर थांबलीय.”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि दुसऱ्या हातानं ड्रायव्हरच्या खांद्यावर अशी थाप मारली की त्यानं दचकून ब्रेकच दाबला. पुढं-मागं उसाच्या ट्रॉल्या, सगळे हॉर्न वाजवतायत, आणि आमचा टेम्पो भर रस्त्यात वळतोय.

आम्ही पोचलो तेव्हा निम्मी पंगत उठली होती. मुलगी साखरपुड्याच्या साडीतच खाली मांडी घालून बसली होती, शेजारी सहा ताटं मांडलेली. तिची आई अजून आतच होती. ती शेवटपर्यंत बाहेर आली नाही, आणि तिला कुणी दोष देऊ नये. वडील स्वतः हातात जिलेबीचं ताट घेऊन वाढत होते. काकू त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

“बसा आधी,” ते म्हणाले. त्यांनी काकूंच्या पानात दोन जिलेब्या टाकल्या, जरा थांबले, मग आणखी एक टाकली. “आन् जेवण झालं की ते तिसरं पुरं करा. मघाशी अर्धंच राहिलं.”